मागची थप्पी

१

छगन चौकीदार खरादाच्या शेडमध्ये पालथा पडला होता, आणि त्याच्या डोक्याशी अर्शियाने कालच कातून ठेवलेला कठड्याचा खांब पडला होता. खांबाच्या गोल गळ्यावर रक्त वाळून काळपट झालं होतं.

अर्शिया लगेच किंचाळली नाही. आधी तिला वाटलं, हा इथे भुशात असा का झोपलाय? मग तिने त्याच्या मनगटाला हात लावला. मनगट गार होतं. किंकाळी फुटली ती तेव्हा.

तोपर्यंतची सकाळ रोजच्यासारखीच गेली होती. भाद्रपदातलं तोरणमाळचं धुकं अंगणात उतरून बसलं होतं. अर्शिया उठली आणि कोठीकडे गेली. कोठी म्हणजे दिग्विजयच्या नव्या गेस्टहाउसची जुनं लाकूड ठेवायची खोली. दाराला कुलूप होतं. तिने ते हलवून पाहिलं. समोर स्वयंपाकघराच्या दारातून धुराचा लोट बाहेर येत होता आणि त्यातून स्वयंपाकीण धनीबाईने चहाला हाक मारली होती. "येते," असं म्हणून ती अंगण ओलांडून शेडकडे वळली, आणि तिथे हे.

शहाद्याच्या शब्बीर खरादींची ती मुलगी. वडिलांचे हात थरथरायला लागल्यापासून दुकानातला खराद, लाकूड कातायचं यंत्र, तीच चालवायची. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी, सगळं. दिग्विजयने हे काम दिलं तेव्हा वडील म्हणाले होते, जुन्या सागावर काम करायला मिळणं नशिबात असावं लागतं. शहाद्याचा लाकडाचा व्यापारी पितांबरशेठ याने एका पाडलेल्या घराच्या तुळया विकत घेतल्या होत्या, आणि त्या कापून, कातून जिन्याचे आणि गच्चीचे खांब करायचे होते. पाहुण्यांना जुन्या घरात राहिल्यासारखं वाटलं पाहिजे, असा दिग्विजयचा हट्ट. खराद ट्रकमधून वर आणला, शेडमध्ये बसवला. अर्शिया धनीबाईच्या खोलीत राहू लागली.

किंकाळी ऐकून सगळे धावत आले. सगळे म्हणजे चौघंच. मालक दिग्विजय, गळ्यात टॉवेल. हिशेबाला काल वर येऊन इथेच मुक्कामाला राहिलेला पितांबरशेठ, कानाला मफलर गुंडाळलेला. वरच्या पाड्यातला सुतार गोवाल. आणि हातात फुंकणी तशीच घेऊन धनीबाई.

"काल संध्याकाळी याच्याशी कोण भांडत होतं?" दिग्विजय म्हणाला. "अख्ख्या अंगणाने ऐकलंय."

ऐकलं होतं हे खरं. पण अंगणाने छगनचा आवाज ऐकला होता. "तू माले चोर म्हणस का?" असं तो ओरडला होता. अर्शिया काय बोलली, ते हळू होतं.

"घाटात काल दुपारीच दरड कोसळलीय," दिग्विजय पुढे म्हणाला. "खालून कोणी वर आलेलं नाही. खांब हिचा, शेड हिची, भांडण हिचं. पोलीस येईपर्यंत कोंडा हिला कोठीत. बाकी एकाही खोलीला बाहेरून कडी नाही. आणि छगनला कोणी हात लावायचा नाही. मी इथून हलत नाही."

गोवालने तिचा दंड धरला. धरताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पितांबरशेठ पुढे धावला. धनीबाई मागून "अरे, पोरगी आहे ती, असं नका करू," म्हणत आली. कोठीचं दार उघडं होतं. पितांबरशेठ आतल्या तुळया सरकवून जागा करत होता. तिला आत ढकललं आणि बाहेरून कुलूप खटकन बसलं.

२

कोठीला एकच खिडकी होती, तीही उंचावर, गज लावलेली. तिच्यातून धुक्याचा पांढरा चौकोन दिसत होता आणि मधूनमधून एखादं डोकं. पाड्यावरची माणसं बघायला येत होती. बघून झालं की डोकं खाली जाई आणि दुसरं वर येई.

फोन दिग्विजयने काढून घेतला होता. तसाही तो खोलीत लागत नसे. सीताखाईच्या दरीच्या कडेला जाऊन उभं राहावं लागे. पोलिसांना कळवायलाही कोणीतरी तिकडेच गेलं असेल. वडिलांना कळलं असेल का? कळलं तर ते काय करतील? हात थरथरत चहाचा कप खाली ठेवतील. मग पुन्हा उचलतील. त्यांना घाट चढता येणार नाही. दरड नसती तरी आला नसता.

ती दाराला पाठ लावून बसली. समोर दोन थप्प्या होत्या. पुढची आता थोडीच उरली होती; त्यातूनच तिने आजवरचे खांब कातले होते. मागची भिंतीला लागून छातीपर्यंत रचलेली. काल याच मागच्या थप्पीवरून भांडण झालं होतं.

पुढच्या तुळया संपत आल्यावर ती छगनच्या मागोमाग कोठीत शिरली होती आणि मागच्या एका तुळईवर तिने हात ठेवला होता. लाकूड गार लागलं. वासही वेगळा. जुना साग चिरला की सुकलेल्या चामड्यासारखा वास येतो. हा आंबटसर, कच्चा होता. "छगनभाऊ, हे घरातलं लाकूड नाही," ती म्हणाली होती. "हे रानातलं आहे. ओलं आहे." छगन भडकला होता. शेठनी सांगेल शे पुढली थप्पीच दे, तर मी पुढलीच देईन, मन्ही चौकी शे आठे, तू माले चोर म्हणस का, असं म्हणत त्याने तिला खांद्याला धरून बाहेर काढलं होतं. मग कुलूप लावून चावी करदोड्याला बांधली, शर्ट खाली ओढला आणि पाठ फिरवून चालता झाला.

आता तिच्या आणि त्या थप्पीच्या मध्ये कोणी नव्हतं.

ती उठली. थप्पीच्या वरच्या तुळईचं एक टोक बाकीच्यांपेक्षा आखूड होतं आणि ते भिंतीकडे वळवून ठेवलं होतं. तिने जोर लावून तुळई आपल्याकडे ओढली. टोकाला चिखल फासलेला होता. काजळी मिसळलेला, अजून ओलसर चिखल. तिने ओढणीचं टोक घेऊन तो पुसला.

खाली करवतीचा ताजा काप होता. पिवळाजर्द. बोटाला पाणी लागेल इतका ओला.

वरून कोणीतरी श्वास घेतल्याचा आवाज झाला. तिने मान वर केली. गजांना चेहरा टेकवून गोवाल बघत होता.

"अर्शिया," तो दबक्या आवाजात म्हणाला, "आरीचं कोणाला सांगू नको."

"कुठली आरी?"

पण चेहरा निघून गेला होता.

३

दुपारी कुलूप निघालं. दारात उभ्या बाईच्या खाकी पँटला गुडघ्यापर्यंत लाल माती लागली होती. दरड ओलांडून, पुढचा घाट पायी चढून ती आली होती. सहायक पोलीस निरीक्षक रूथ गावीत. नवापूरकडच्या डोंगरातली, चढण तिला नवी नव्हती, पण दम लागलेला होता. दोन शिपायांना तिने शेडपाशी उभं केलं, एक पाट ओढून घेतला आणि अर्शियासमोर बसली.

"पाणी प्यालीस का सकाळपासून?"

अर्शियाने मान हलवली. नाही.

रूथने स्वतःची बाटली पुढे केली. अर्शियाने घोट घेतला आणि मग तिला रडू आलं. रूथ थांबली. रडणं संपलं तेव्हा म्हणाली, "आता सांग. भांडणापासून सांग."

अर्शियाने सांगितलं. थप्पीचं, वासाचं, ओल्या कापाचं. तुळईतला एक खिळा तिने हलवून बाहेर काढला. "हा बघा मॅडम, खिळा खरंच जुना आहे. चौकोनी, ठोकून केलेला. पण सागात लोखंड वर्षानुवर्षं राहिलं की भोवतीचं लाकूड काळं पडतं. इथे भोकाभोवती काही नाही. कोणीतरी जुने खिळे नव्या लाकडात ठोकलेत, वरून काजळी चोळलीय."

"म्हणजे घराच्या तुळया दुसरीकडे गेल्या आणि इथे रानातला चोरटा साग आला."

"हो."

"आणि हे तू छगनला सांगितलंस. तो चिडला. मग?"

"मग मी जेवून झोपले. धनीबाईला विचारा."

"धनीबाई गाढ झोपते म्हणे. मालक सांगत होते." रूथने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तू दाखवतेस ते मला दिसतंय. पण याचा दुसरा अर्थही निघतो. छगन या चोरीत असेल, तू त्याला पकडलंस, तो अंगावर आला, तू खांब उचललास. कोर्टात कोणीही असंच म्हणेल."

अर्शियाला वाटलं, खोली आणखी लहान झाली. खरं सांगितलं की सुटका होते असं ती सकाळपासून धरून बसली होती. खरं सांगून झालं होतं, आणि ते तिच्याच गळ्याशी आलं होतं.

"छगनच्या कमरेचा करदोडा कापलेला आहे," रूथ एकदम म्हणाली. "त्यावर काय होतं?"

"चावी. या कोठीची."

"दुसरी चावी?"

"नाही. कुलूप त्याचंच होतं. घरून आणलेलं. मालकालाही देत नसे."

रूथने खिशातून चावी काढून तळहातावर ठेवली. "ही मला दिग्विजयने दिली. तो म्हणतो, तुला कोंडायला आणलं तेव्हा कुलपालाच लटकत होती. त्याने नंतर येऊन काढून घेतली."

"नाही मॅडम." अर्शिया उठूनच उभी राहिली. "सकाळी मी कुलूप हलवून बघितलं. बंद होतं. चावी नव्हती त्याला."

"हे तू म्हणतेस," रूथ म्हणाली. "तू सोडून अजून कोण म्हणेल?"

४

रूथने तिला दुसरीकडे हलवलं नाही. "तू इथेच बस, ऐक, मध्ये बोलू नको," एवढं बजावलं आणि एकेकाला कोठीतच बोलावलं.

दिग्विजय आला तो बोलतच आला. त्याला गेस्टहाउसचं नाव खराब होण्याची भीती होती. रूथने पिवळा काप दाखवल्यावर मात्र तो खाली वाकला. बराच वेळ बोटाने लाकूड चाचपत राहिला.

"मला फसवलंय," तो म्हणाला.

"किंवा तुम्हाला माहीत होतं. पाहुण्यांना जुनं म्हणून नवं दाखवलं तर त्यांना काय कळणार?"

"मॅडम, मला जुनंच हवं होतं. नवं हवं असतं तर डेपोतून घेतलं नसतं का, पावतीसकट? चोरटं लाकूड माझ्या कठड्याला लावून मी स्वतः तुरुंगात जाऊ?" त्याने अर्शियाकडे पाहिलं आणि नजर फिरवली. "मी सकाळी हिला कोंडलं, कारण मला दुसरं सुचलं नाही. माझ्या दारात माणूस मेला होता."

"तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"शेडच्या दारात. शिपाई येईपर्यंत तिथेच. फक्त हिला कोंडल्यावर पितांबरशेठला क्षणभर उभं करून कोठीचं कुलूप नीट लागलंय का ते बघायला गेलो. चावी कुलपालाच होती, ती खिशात घातली."

गोवालला बोलतं करायला वेळ लागला. तो उभाच राहिला, हात मागे बांधून. रूथने त्याची आरी, म्हणजे करवत, मागवली होती. दातांमध्ये फिकट भुसा चिकटून बसला होता.

"जुन्या सागाचा भुसा फुंकर मारली की उडतो," रूथ म्हणाली. "हे मला आत्ता या पोरीने सांगितलं. हा उडत नाहीये. तुळई तू कापलीस?"

"नाही."

"रानातून लाकूड कोणी तोडलं, हे विचारलं की आधी तुझ्या पाड्याचं नाव घेतील. माहितीय ना?"

"म्हणूनच बोललो नाही." गोवालचे डोळे लाल झाले होते. "छगनने मागून नेली आरी. काल, जेवणं झाल्यावर. कशाला पाहिजे विचारलं तर म्हणाला, एक गोष्ट बघायची आहे. सकाळी ती माझ्या ओसरीला टांगलेली होती. छगन तर मेला होता. मग आणून कोणी टांगली?"

म्हणजे तुळई छगनने कापली होती.

"सकाळी हिला इथे आणलंस तेव्हा दार?"

"उघडं होतं. शेठ आत होते."

शेवटी पितांबरशेठ. त्याने आल्याआल्या रूथला वाकून नमस्कार केला, अर्शियालाही "बेटी" म्हणाला. त्याच्या मफलरला अत्तराचा वास होता.

"मी तं झोपेल व्हतू, मॅडम," तो म्हणाला. मग सावरून शुद्ध बोलू लागला. "मी तुळया शहाद्याहून भरून दिल्या. जुन्या, अस्सल. ट्रकमागून मी काही चालत आलो नाही. इथे आल्यावर कोणी बदलल्या असतील तर चौकीदार कोण होता? छगन. रान कोणाच्या दाराशी आहे? गोवालच्या. दोघांनी मिळून केलं असेल, दोघांत भांडण झालं असेल. किंवा या पोरीने पकडलं असेल. मी काय सांगणार?"

तो सांगत होता ते सगळं बसत होतं. अर्शियाला ते ऐकताना भिंती सरकत आल्यासारखं वाटलं. या माणसाने एका दमात तिघांना अडकवलं होतं, आणि त्यातला एक मेलेला होता.

"कोठी उघडी होती?" रूथने विचारलं.

"उघडी म्हणजे, कुलूप लागलेलं होतं, पण चावी त्यालाच होती. छगन विसरला असणार. मी फिरवली, उघडलं, जागा केली."

"ठीक आहे," रूथ म्हणाली. "बाहेर अंगणात थांबा. लांब जाऊ नका."

"जाणार कुठे?" पितांबरशेठ हसला. "रस्ता बंद आहे."

५

धनीबाईला रूथने बोलावलं नाही; ती स्वतः स्वयंपाकघरात गेली आणि अर्शियाला सोबत घेतलं. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या डोक्यावर आभाळ आलं. धुकं विरळ झालं होतं. अंगणात पितांबरशेठ खुर्चीवर बसून होता. त्याने पाय मागे घेतले, त्यांना वाट दिली.

चुलीपाशी अजूनही धूर होता.

"जेवायला उशीर झाला आज," धनीबाई म्हणाली. ती पोलिसांना घाबरत होती आणि त्यामुळे जास्त बोलत होती. "चूलच पेटेना, बाई. रोज हिच्या खरादाच्या ढलप्या घेते, कागदासारख्या पेटतात. आज ढिगात वरच एक मोठा तुकडा होता, तोच घातला. तर पेटायचं नाव नाही. टोकातून पाणी फसफसतंय. मी फुंकून फुंकून आंधळी व्हायची वेळ आली."

रूथने चुलीतून चिमट्याने तो तुकडा ओढला. एक बाजू जळून काळी झाली होती, दुसऱ्या बाजूला करवतीचा पिवळा काप होता. कोठीतल्या आखूड तुळईची जाडी आणि याची जाडी एकच.

"हा तुम्ही आणलात?"

"नाही. सकाळी ढिगात होताच."

म्हणजे खून करणाऱ्याने तो पुरावा जाळायला चुलीच्या ढिगात टाकला होता. पण हे कोणीही करू शकलं असतं. रूथ तुकड्याकडे बघत थांबली. मग म्हणाली, "धूर झाल्यावर तुम्ही काय केलंत?"

"दारात येऊन बसले. डोळ्यांतून पाणी गळत होतं. इथे, उंबऱ्यावर."

तिथून कोठीचं दार समोर होतं.

"कोणाला बघितलंत?"

"हिला. कुलूप हलवत होती. मी चहाला हाक मारली. ही येते म्हणाली आणि शेडकडे गेली." धनीबाईने अर्शियाचा हात धरला. "मग ओरडली."

"कुलपाला चावी होती?"

"चावी कुठली? ती तर छगन कमरेला बांधायचा. नुसतं कुलूप लोंबत होतं. हिने सोडल्यावर हलत राहिलं, ते मी बघत होते."

"ती शेडकडे गेल्यावर तुम्ही उंबऱ्यावरून उठलात?"

"किंकाळी आली तेव्हा उठले. तोवर तिथेच. आत धूर होता ना."

"तेवढ्यात कोठीपाशी कोणी आलं?"

"कोणी नाही."

रूथने चिमटा खाली ठेवला. तिने अर्शियाकडे पाहिलं, आणि अर्शियाला कळलं की आपण सुटलो. कसे ते अजून कळलं नव्हतं.

अंगणात सगळे जमले. रूथ उभी होती, बाकीचे बसले होते.

"लाकूड कोणी बदललं यावर मी सकाळपर्यंत वाद घालू शकते," ती म्हणाली. "ज्याला त्याला कारण सापडेल. म्हणून मी लाकूड बाजूला ठेवते आणि कुलूप बघते. अर्शियाने कुलूप हलवलं तेव्हा ते बंद होतं आणि त्याला चावी नव्हती. धनीबाईंनी ते पाहिलं. तिथपासून किंकाळीपर्यंत त्या दारावरून नजर हटलेली नाही. किंकाळीनंतर सगळे शेडमध्ये. दिग्विजय तोवर शेडच्या दारातून हलला नाही. गोवालने अर्शियाला धरलेलं. धनीबाई त्यांच्या मागे. कोठीपाशी एकटा पोचला तो पितांबरशेठ. आणि बाकीचे पोचले तेव्हा दार उघडं होतं."

पितांबरशेठ खुर्चीवरच होता. "चावी कुलपाला..."

"तुम्ही लावल्यावर होती. छगनच्या कमरेला हात लावायला दिग्विजयने सगळ्यांदेखत मनाई केली होती. मग तुमच्याकडे चावी आली कुठून? ती रात्रीच तुमच्या खिशात होती. आरीही रात्रीच तुम्ही गोवालच्या ओसरीला टांगलीत, संशय त्याच्यावर जावा म्हणून." रूथचा आवाज चढला नाही. "कापलेली तुळई रात्री अंधारात नीट लपवता आली नाही. आणि सकाळी दिग्विजय म्हणाला, कोठीत कोंडा. तुम्ही अडकलात. चावी शोधायला कोणी छगनला हलवलं असतं तर करदोडा कापलेला दिसला असता. म्हणून पुढे धावलात, उघडलंत, टोक भिंतीकडे वळवून चिखल फासलात आणि चावी कुलपाला ठेवलीत, छगन विसरला असं वाटावं म्हणून."

पितांबरशेठ उठला. तो फाटकाकडे चालू लागला, धावला नाही, जणू कामालाच निघालाय. फाटकापाशी पोचून थांबला. पुढे रस्ता होता, रस्त्याच्या पुढे घाट, आणि घाटात दरड. शिपायाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो तिथेच, ओल्या दगडावर बसला. त्याची शुद्ध भाषा गळून पडली.

"तो मन्हाकडे उना," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "शेडमा बलायं माले. हातमा तुकडा. म्हने, शेठ, पोर खरं बोलनी. लाकूड ओलं शे. मी तिले उगाच वाकडं बोलनू. सकाये मी दिग्विजयभाऊले सांगस, आनि पोरना पाय धरस."

म्हणजे छगन सकाळी दिग्विजयला सगळं सांगून तिची माफी मागणार होता. अर्शियाने आधी ओढणी तोंडाशी नेली. मग ती तशीच खाली बसली.

६

दुसऱ्या दिवशी छगनला खाली न्यायचं होतं. दरडीच्या अलीकडे गाडी नव्हती, म्हणून झोळी केली. पाड्यावरचे चार जण खांद्याला लागले, त्यात गोवाल होता. रूथ पुढे चालत होती. पितांबरशेठला शिपाई आदल्या संध्याकाळीच घेऊन गेले होते.

दिग्विजय अर्शियाला म्हणाला, काही दिवसांनी खरं लाकूड आणवतो, काम पुरं कर. तिने नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. पटाश्या तेल लावून गुंडाळल्या, पिशवी खांद्याला अडकवली आणि झोळीच्या मागे निघाली. रूथने तिला सांगितलं होतं, तुला थांबायची गरज नाही, पलीकडे जीप उभी असेल, सरळ घरी जा.

दरडीवर पाय घोट्यापर्यंत रुतत होते. मध्यभागी झोळी कलंडली तेव्हा अर्शियाने पुढे होऊन एक कोपरा सावरला आणि पलीकडे पोचेपर्यंत सोडला नाही.

पलीकडे घाटाखालच्या गावातली माणसं उभी होती. त्यांच्या थोडं मागे, जीपला टेकून, शब्बीर खरादी. दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरलेले, थरथर दिसू नये म्हणून. अर्शियाला बघताच त्यांनी ते हात सोडले.

ती त्यांच्याकडे जाणार होती. पण झोळी खाली ठेवली तशी गर्दीतून एक बाई आली आणि नवऱ्याच्या उशाशी बसली. छगनची बायको रंजनाबाई. ती रडत नव्हती. तिच्यापर्यंत पहिल्या दिवशी निरोप पोचला होता तो असा, की खरादीच्या पोरीने मारलं. दुसरा निरोप काल रात्री आला होता.

तिने मान वर केली. "तूच का ती?"

"हां," अर्शिया म्हणाली.

"त्यानं शेवटलं बोलनं तुन्हासंगे व्हयनं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. आजूबाजूची सगळी माणसं ऐकत होती.

"माझ्याशी आणि त्या शेठशी," अर्शिया म्हणाली. "आम्ही भांडलो, मावशी. लई भांडलो." मग ती रंजनाबाईसमोर चिखलात उकिडवी बसली. "पन मन्हं म्हननं आखा तोरणमाळमा एकानीच ऐकं. छगनभाऊनी. रागमा व्हता तरी गया आनि तपासी दखं."

रंजनाबाईचे ओठ हलले. तिने पुढे होऊन अर्शियाचं मनगट पकडलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

लोकांनी छगनला उचलून जीपमध्ये ठेवलं. रंजनाबाई चढली. मनगट तिने सोडलं नव्हतं. अर्शियाने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच सांगितलं, जा, मी मागून येतो.

ती आत चढून बसली. जीप सुरू झाली.

"आखो सांग," रंजनाबाई म्हणाली.

अर्शियाने परत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.